का होणार नाही, ते विचारा

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली आणि दादाचे डोळे पिवळे झाले. पोट दुखत नव्हतं, तापही नव्हता. अंगाला मात्र अशी खाज सुटायची, की रात्री उठून तो कंगव्याने पाठ खाजवत बसायचा. आमच्या पिंपळगावकडे कावीळ म्हटलं की उपाय ठरलेले: उसाचा रस, फुटाणे आणि कुणीतरी सुचवलेला कावीळ उतरवणारा माणूस. दादाने तिन्ही केले. वहिनीने मला नाशिकला फोन करून सांगितलं, “भाऊजी, लघवी गडद होतेय आणि परसाकडला मात्र पांढरट.” पुढे डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं ते हेच. शौचाला रंग पित्तामुळे येतो. पित्ताची आतड्यात उतरायची वाट बंद झाली की ते रक्तात चढतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. खाजही त्याचीच.

सोनोग्राफी, सीटी, मग एमआरसीपी झाली. निदान आलं पित्तनलिकेच्या कॅन्सरचं. यकृताच्या डाव्या भागात सुरू होऊन, दोन्हीकडच्या नलिका जिथे एकत्र येतात त्या जागेपर्यंत तो पोचला होता.

दादा माळकरी. तरी भेटायला येणारा प्रत्येक जण आडून आडून एकच विचारायचा, “घेत होते का?” यकृताचं दुखणं म्हणजे दारू, हे आपल्याकडे पक्कं झालेलं आहे. डॉक्टरांनी वहिनीला समोर बसवून सांगितलं, की पित्तनलिकेतले खडे, तिथली वर्षानुवर्षांची सूज, ईशान्य थायलंडमध्ये नदीतल्या कच्च्या माशांतून पोटात जाणारा यकृतातला कृमी अशी काही कारणं माहीत आहेत. पण बऱ्याच रुग्णांत कारण सापडतच नाही. त्या दिवशी वहिनी पहिल्यांदा नीट जेवली.

शहरातल्या एका खासगी रुग्णालयात रिपोर्ट चाळून सांगण्यात आलं, “ऑपरेशन होणार नाही. केमो देऊन बघू.” एवढं बोलून पुढच्या नंबरला हाक. आमच्या कॉलनीत एक निवृत्त डॉक्टर राहतात. त्यांनी फाइल पाहिली आणि मला म्हणाले, “होणार नाही, हे कळलं. का होणार नाही, ते यात कुठेय? आधी ते विचारून ये.”

म्हणून पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरून परळच्या टाटा मेमोरियलमध्ये फाइल काढली. तिथल्या सर्जननी सीटी पडद्यावर लावली आणि आम्हाला खुर्च्या पुढे ओढायला लावल्या. ते म्हणाले, ऑपरेशन न होण्याची कारणं मुख्यतः दोन तऱ्हांची असतात. कॅन्सर फुप्फुसात, पोटाच्या अस्तरावर किंवा यकृतात सगळीकडे विखुरला असेल, तर एक गाठ कापून काही साधत नाही. दुसऱ्या तऱ्हेत तो एकाच ठिकाणी असतो, पण जी रक्तवाहिनी राखायलाच हवी तिला धरून बसलेला असतो. दादाचं दुसऱ्या तऱ्हेचं होतं. यकृताचा डावा भाग काढता आला असता. उरलेल्या उजव्या भागावर तो जगलाही असता, कारण यकृत पुन्हा वाढतं. पण त्या उजव्या भागाला रक्त पुरवणारी रोहिणी आणि शेजारची शीर यांना गाठ भिडली होती.

दादा बराच वेळ पडद्याकडे बघत होता. मग म्हणाला, “म्हणजे काडीला नाही, ओलांड्यालाच लागलंय.” द्राक्षाच्या वेलीवर ज्या आडव्या हातातून काड्या फुटतात, तो ओलांडा. सर्जननी अर्थ विचारून घेतला आणि मान डोलावली.

“औषधाने सुटेल का ती गाठ?”

“काहींची सुटते, बऱ्याच जणांची नाही. चार सायकल होऊ द्या, परत सीटी करू आणि परत सगळे मिळून बघू.”

त्या रात्री मी वाचायला बसलो. जेमसायटाबिन आणि सिस्प्लॅटिन ही केमोची जोडी या कॅन्सरसाठी रूढ झाली ती 2010 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या 410 रुग्णांच्या चाचणीनंतर. एकट्या जेमसायटाबिनवर मध्यक आयुष्य 8.1 महिने होतं, जोडीने ते 11.7 महिन्यांवर गेलं. आकडे वाचून मी लॅपटॉप मिटला. ती चाचणी आयुष्य किती लांबतं हे पाहण्यासाठी होती, ऑपरेशनचा मार्ग मोकळा होतो का, यासाठी नव्हती. त्याचं उत्तर दुसरीकडे मिळालं. पॅरिसजवळच्या एका यकृत शस्त्रक्रिया केंद्राने 2018 साली आपला अनुभव मांडला होता. यकृताच्या आतल्या पित्तनलिकांचा, पण बाहेर न पसरलेला आणि सुरुवातीला काढता न येणारा कॅन्सर असलेल्या 74 जणांना त्यांनी केमो दिली; त्यांतल्या 39 जणांचं पुढे ऑपरेशन झालं. त्यांचं आयुष्य सुरुवातीलाच ऑपरेशन झालेल्यांच्या जवळपास बरोबरीने गेलं. पण हे निवडक रुग्ण होते आणि केंद्र निष्णात होतं. ‘निम्म्यांचं होतं’ असं म्हणून हा आकडा सगळ्यांना लावता येत नाही, हे मी वहिनीला सांगितलं.

केमो लगेच सुरू झाली नाही. रक्तात चढलेलं बिलिरुबिन, म्हणजे पित्तातलं पिवळं द्रव्य, खाली आल्याशिवाय ती देता येत नाही. आधी दुर्बिणीतून पित्तनलिकेत स्टेंट टाकला. डोळ्यांचा पिवळेपणा उतरायला वेळ लागला आणि तोवर घरात सगळ्यांची एकच तक्रार, की कॅन्सर वाढतोय आणि हे थांबलेत कशाला. सीए 19-9 ही रक्ततपासणीही कावीळ उतरल्यावर पुन्हा केली, कारण नुसत्या काविळीनेही तो आकडा फुगतो.

केमो मात्र नाशिकमध्येच घेतली. परळहून लिहून मिळालेला आराखडा इथल्या डॉक्टरांनी चालवला. तीन आठवड्यांची एक सायकल, पहिल्या आणि आठव्या दिवशी सलाईन. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडावर बसू नये म्हणून आधी आणि नंतर बाटल्या चढायच्या, आणि वहिनी लघवी मोजून वहीत लिहायची. फोडणीचा वास दादाला सहन होईना, म्हणून घरात मऊ भात आणि मुगाचं वरण. एकदा पांढऱ्या पेशी उतरल्याने डोस पुढे गेला. एका रात्री हुडहुडी भरून ताप आला. स्टेंट तुंबून पित्तात जंतुसंसर्ग झाला होता. अशा तापाला सकाळपर्यंत थांबायचं नसतं, हे आम्हाला आधी बजावलेलं होतं, म्हणून तसेच निघालो. खर्चाचा बराच भाग महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून निघाला. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. पहिल्याच दिवशी त्याला गाठावं.

शेजारच्या खुर्चीवर सिन्नरच्या एक मावशी असायच्या. कॅन्सर तोच, औषधं तीच. त्यांची गाठ दादाच्या गाठीपेक्षा जास्त आक्रसली. पण त्यांच्या पोटाच्या अस्तरावर कॅन्सरचे कण होते, त्यामुळे ऑपरेशनचा विषयच निघाला नाही. त्यांच्या मुलाने मला विचारलं, “आमचं पण कमी झालंय की, मग?” मला उत्तर माहीत होतं, पण मी त्याला डॉक्टरांकडे पाठवलं. उन्हाळ्याआधी मावशी गेल्या.

चार सायकलनंतरच्या सीटीत गाठ आणि उजवी रोहिणी यांच्यात बारीक फट दिसली. सर्जन खूश झाले नाहीत, सावध झाले. केमोनंतर उरलेला व्रण आणि जिवंत कॅन्सर सीटीवर सारखेच दिसू शकतात, म्हणाले. आधी दुर्बिणीने पोट तपासू, अस्तरावर काही दिसलं तर तिथेच थांबू.

एरवी ऑपरेशन थिएटरबाहेर नातेवाईक वाट बघतात ती डॉक्टर लवकर बाहेर येण्याची. आमचं उलटं होतं. लवकर हाक आली, तर काहीच करता आलं नाही असा अर्थ. दुपार झाली तरी कुणी बोलावलं नाही, तेव्हा वहिनीने डबा उघडला आणि मला पोळी वाढली.

यकृताचा डावा भाग, यकृताबाहेरची पित्तनलिका आणि आसपासच्या लसिका गाठी काढल्या. उजवी नलिका लहान आतड्याला जोडली. नंतर जोडातून पित्त झिरपत राहिलं, त्यामुळे मुक्काम लांबला. दादरच्या गाडगेबाबांच्या धर्मशाळेत आमच्यासारखीच कितीतरी कुटुंबं होती. पॅथॉलॉजीचा अहवाल आला: कापलेल्या कडा स्वच्छ, एका लसिका गाठीत कॅन्सर. म्हणून पुढे सहा महिने केपेसिटाबिनच्या गोळ्या. त्यांनी तळहातांची सालं निघाली आणि दादाला छाटणीची कात्री धरता येईना. एप्रिलची खरड छाटणी त्याने बांधावर बसून, मजुरांना ओरडत करून घेतली.

हा कॅन्सर ऑपरेशननंतरही अनेकांत परत येतो. प्रत्येक स्कॅनच्या आधी घर गप्प होतं. तेव्हा दादा बरा झाला असं मी म्हणत नाही. केमोने त्याला ऑपरेशनपर्यंत नेलं, एवढंच म्हणतो.

ज्यांच्या घरी हे आलं आहे, त्यांना माझं सांगणं असं. ऑपरेशन होणार नाही असं कळलं, तर कारण विचारा आणि ते कागदावर घ्या: पसरलाय म्हणून, की चिकटलाय म्हणून? केमो सुरू होण्याआधीच यकृत आणि पित्तनलिकेची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनला सीटीची सीडी दाखवा. नुसता रिपोर्ट पुरत नाही. काही सायकलनंतर त्याच सर्जनकडे परत जा, कारण पहिला निकाल त्या दिवसाच्या सीटीवर दिलेला असतो. आणि उत्तर नकारार्थी आलं, तरी तेही कारणासकट ऐकून घ्या. पुढचे निर्णय त्यावरच घ्यायचे असतात.