गाडीला कळले, मला नाही



तुमच्या घरी विजेची मोटारसायकल आली असेल, किंवा येत्या दिवाळीला घ्यायचा विचार चालू असेल, तर तिची किंमत किती, एका चार्जिंगमध्ये ती किती किलोमीटर जाते, यावर घरात भरपूर बोलणे झाले असणार. आमच्याही घरी झाले होते. पण उन्हाविषयी कोणी चकार शब्द काढला नव्हता. वऱ्हाडात राहून उन्हाचा विसर पडावा, याला काय म्हणावे! त्या विसराची किंमत मला मे २०२४ मध्ये मोजावी लागली.

त्या महिन्यात अकोल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर गेला होता. घरचे सोयाबीन बियाणे पेरणीआधी तपासून कसे घ्यावे, हे दाखवायला मी एका गावी गेलो होतो. ओल्या गोणपाटात आठवडाभर ठेवलेले शंभर दाणे आम्ही उलगडून मोजले. सत्तरच्या वर उगवले होते. मग मी नेहमीप्रमाणे बजावले, "बियाण्याचे पोते टिनाच्या छपराखाली, उन्हाच्या धगीत ठेवू नका. दाणा बाहेरून तसाच दिसतो, पण आतला जीव गेलेला असतो." मंडळींनी माना हलवल्या. निघताना एकाने तीस किलोची बियाण्याची पिशवी पुढच्या गावच्या पाहुण्यांसाठी मागे बांधून दिली. दुपारचे दोन वाजले होते. "जेवून, ऊन उतरल्यावर जा," असे घरच्या वहिनी म्हणाल्या. मी ऐकले नाही.

गावाबाहेर टेकडीचा चढ लागला. अर्ध्या चढावर गाडी मंदावली. मूठ पूर्ण पिळली तरी वेग वाढेना. समोरच्या पाटीवर तापमानाचा दिवा लागला होता. नवी गाडी वर्षभरात बिघडली, म्हणून मी चरफडलो, खाली उतरलो आणि ती ढकलू लागलो. शे-दीडशे पावले गेलो असेन. डोके गरगरू लागले, भर उन्हात अंगावर काटा आला आणि हात लावून पाहिला तर कपाळ कोरडे ठणठणीत.

जवळच्या शेतात निंबाखाली एक म्हाताऱ्या आजी बसल्या होत्या. त्यांनी नातवाला पाठवून मला सावलीत आणवले. गाडी का थांबली, हे मी कसेबसे सांगितले. त्या म्हणाल्या, "गाडीले कयते, तुले नाही कयत का रे बाप्पा?"

त्यांनी दुपट्टा भिजवून माझ्या मानेवर आणि डोक्यावर ठेवला आणि माठातले पाणी घोट घोट प्यायला दिले. तासाभराने मला बरे वाटले. नातवाने गाडीही सावलीत आणून ठेवली होती. ती सुरू केली, तर पूर्वीच्याच जोमाने चालली! म्हणजे गाडी बिघडलेली नव्हतीच. ती स्वतःला वाचवत होती.

हे कसे, ते समजून घ्या. पेट्रोलच्या गाडीचे इंजिन आपली उष्णता उघड्यावर आणि धुरातून बाहेर टाकते. विजेच्या गाडीची बॅटरी मात्र धूळ-पाणी जाऊ नये म्हणून पेटीत बंद असते. चढ आणि ओझे असले की मोटर जास्त प्रवाह ओढते. प्रवाह दुप्पट झाला की बॅटरीत आणि तारांत होणारी उष्णता चौपट होते. ती उष्णता घेऊन जाणारी हवाच ४५ अंशांची असेल, तर पेटी निवणार कशी? म्हणून गाडीतला नियंत्रक तापमान पाहतो आणि ते वाढले की प्रवाह कमी करतो. अशा वेळी मूठ पिळू नये. सावली पाहून थांबावे.

आपल्या शरीराला मात्र असा दिवा नाही. कातडीचे तापमान साधारण ३४-३५ अंश असते. त्याहून गरम वारा अंगाला निववत नाही, उलट तापवतो. घाम वाळताना जो गारवा मिळतो, तेवढाच आधार. गाडीवर वारा तो घाम चटकन सुकवतो, त्यामुळे आपल्याला घामच आला नाही असे वाटते, आणि अंगातले पाणी मात्र निघून गेलेले असते. त्यात विजेच्या गाडीवर पोटऱ्यांना इंजिनची धग लागत नाही, आवाजही नाही. ऊन फारसे नाही, असा भ्रम होतो. मी त्यालाच फसलो. कोणी उन्हात असंबद्ध बोलू लागला, किंवा अंग तापून शुद्ध हरपू लागली, तर वेळ घालवू नका. सावलीत न्या, अंग ओले करून वारा घाला आणि १०८ वर फोन करा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

गोष्ट इथे संपली नाही. संध्याकाळी घरी आलो आणि सवयीने गाडी ओसरीवर, टिनाखाली, दाराला लागून लावली आणि लगेच चार्जिंगची पिन खोचली. घरात नातू झोपला होता. सौभाग्यवती बाहेर आल्या, पेटीला हात लावून म्हणाल्या, "अहो, ही अजून भाजतेय. बियाणं टिनाखाली ठेवू नका म्हणून गावोगाव सांगता, आणि हे काय? आणि रात्री हिला काही झालं, तर आम्ही निघायचं कुठून? दार एकच आहे!"

मी निमूटपणे पिन काढली.

त्यांचे म्हणणे दोन्ही बाजूंनी खरे होते. लिथियमची बॅटरी बियाण्यासारखीच असते. उष्णतेत ती बाहेरून तशीच दिसते, पण आतून लवकर म्हातारी होते. पूर्ण भरलेली बॅटरी उन्हात उभी राहणे तिला फार वाईट. बहुतेक लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असे असते, आणि उन्हातून आलेली पेटी या मर्यादेच्या आसपास सहज असू शकते. म्हणून आधी तासभर सावलीत निवू द्यावी, मग चार्ज करावी. उन्हाळ्यात पहाटेची वेळ सर्वांत चांगली. महिनाभर गाडी वापरायची नसेल, तर पूर्ण भरून न ठेवता निम्मी भरून थंड जागी ठेवावी.

आगीचेही सांगतो, उगाच भीती नको म्हणून. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात विजेच्या दुचाकी पेटल्याच्या अनेक घटना घडल्या. त्यानंतर सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले आणि ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. केवळ उन्हाने चांगली बॅटरी पेटत नाही. सेलमधला दोष, लागलेला मार, आत गेलेले पाणी, भलताच चार्जर, अशी कारणे असतात आणि उष्णता त्यात भर घालते. म्हणून कंपनीचाच चार्जर वापरा, पेटी फुगली किंवा वास आला तर चार्जिंग करू नका, आणि घराच्या एकुलत्या एक वाटेत गाडी कधीच लावू नका. धूर दिसलाच तर गाडी वाचवायला जाऊ नका. माणसे बाहेर काढा आणि १०१ ला कळवा.

हिवाळ्यात पहाटे गाडी थोडे कमी अंतर जाते, त्याने घाबरू नका. थंडीत बॅटरीची आतली क्रिया मंदावते आणि ऊब आली की ती पूर्ववत होते. थंडीने झालेली ही तूट भरून येते. उन्हाने झालेली झीज मात्र कायमची असते.

आमची गाडी आता गोठ्याशेजारी कडुनिंबाच्या सावलीत, दारापासून लांब उभी असते. उन्हाळ्यात मी सकाळी सहाला निघतो आणि अकराच्या आत परततो. पाण्याची बाटली आणि साखर-मिठाची पुडी पिशवीत असते. त्या चढावरून जाताना आजींच्या निंबाखाली थांबतो. त्या मला पाणी देतात आणि हसून विचारतात, "आता कयलं का रे बाप्पा?"

मी म्हणतो, "कयलं, आजी." तुम्हाला माझ्याइतका त्रास न होता कळावे, एवढ्यासाठीच हे लिहिले.