वाटीभर साखर



मागच्या पिकनिकला आपल्यातल्याच एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं मला विचारलं, "काका, तुम्ही एवढी वर्षं पर्चेसिंगमध्ये होतात. मोठ्या कंपन्या जगाचे वारे ओळखून धोरण बदलतात, म्हणजे नेमकं काय करतात?" तिला त्यावर पेपर लिहायचा होता. माझ्या हातात मक्याचं कणीस होतं, त्यामुळे काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेली. खरं उत्तर आज लिहितो.

१९८५ साली मी इथे मिशिगनमध्ये मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत लागलो. तेव्हा आमच्या गोदामात महिनाभर पुरेल एवढा माल असे. अगदी आमच्या आईच्या फडताळासारखं! गहू, तिखट, पापड, कुरडया, सगळ्याची वर्षाची बेगमी. पण त्या सुमारास जपानी गाड्यांनी डेट्रॉईटला घाम फोडला होता. टोयोटाच्या ताइची ओनो यांची पद्धत अशी, की सुटा भाग लागेल तेव्हा आणि लागेल तेवढाच यायचा. युद्धानंतर जपानकडे पैसा नव्हता, साठा परवडणारच नव्हता. आमच्या साहेबांनीही ठरवलं, गोदाम रिकामं करायचं.

ते काम माझ्याकडे आलं. आम्हाला माल देणाऱ्यांत वीसेक माणसांचं एक लहान वर्कशॉप होतं. मालक पोलिश वंशाचा म्हातारा. माझ्या पहिल्या हिवाळ्यात, लक्ष्मी रोडवर घेतलेले माझे बूट बघून तो हसला होता आणि दुसऱ्या दिवशी मुलाचे जुने स्नो बूट घेऊन आला होता. त्यालाच मी कळवलं, आता माल रोज थोडा थोडा पाठवा, आणि दरवर्षी भावही थोडा उतरवा. आमचं गोदाम रिकामं झालं, त्याचं भरलं. साठा कुठे गेलाच नव्हता, फक्त त्याच्या दारात जाऊन पडला होता. कर्जाचं व्याज तो भरत होता आणि शाबासकी आम्हाला मिळत होती.

१ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमध्ये कारिया इथे आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथेच होत असे, आणि शिल्लक साठा जेमतेम काही तासांचा. टोयोटाचे जपानमधले कारखाने बंद पडले. आम्हाला वाटलं, आता महिनाभर तरी बसले. पण आसपासच्या लहानमोठ्या कारखान्यांनी, पैशाचं नंतर बघू म्हणत, आपापल्या मशीनवर ते व्हॉल्व्ह करायला घेतले. शिवणयंत्रं करणाऱ्या ब्रदर कंपनीनंसुद्धा! आठवड्याभरात गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या.

मला आमचा वाडा आठवला. महिनाअखेरीला साखर संपली की शेजारच्या काकूंकडून वाटीभर यायची. पण ती वाटी परत जाताना कधी रिकामी जायची नाही. टोयोटाचं फडताळ रिकामं होतं, पण शेजार राखलेला होता. आम्ही फडताळ रिकामं करणं तेवढं शिकलो.

डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला आणि आमचं धोरण पुन्हा बदललं. २००३ मध्ये म्हाताऱ्याचं काम चीनला गेलं. त्या कागदावर सही माझी. त्याचा फोन आला. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "आणखी किती सेंट कमी करू?" मी म्हटलं, निर्णय वरून आलाय. पुढच्या वर्षी वर्कशॉपला कुलूप लागलं. मी भेटायला गेलो नाही.

मार्च २०११ च्या भूकंपानंतर टोयोटानं स्वतःचंच धोरण सुधारलं आणि पुरवठादारांना चिप्सचा काही महिन्यांचा साठा ठेवायला सांगितलं. २०२१ च्या चिपटंचाईत तीही अडली, पण इतरांपेक्षा उशिरा. त्याच वर्षी मार्चमध्ये सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' जहाज सहा दिवस आडवं पडलं. आमच्या मीटिंगमध्ये नवीन स्लाइड आली: प्रत्येक भागाला दोन पुरवठादार हवेत, त्यातला एक जवळचा, आणि थोडा साठाही हवा. माझ्या निवृत्तीला सहा महिने होते. मला सांगितलं, जवळपासची वर्कशॉप्स शोधा. जुन्या फायलीत पहिलंच नाव म्हाताऱ्याचं निघालं. गाडी काढून गेलो. तिथे आता भाड्यानं सामान ठेवायच्या खोल्या झाल्या आहेत.

तर बाळ, कंपन्या वारे ओळखतात हे खरं. एकदा साठा नको, एकदा स्वस्त हवं, एकदा जवळचं हवं. प्रत्येक वेळी हिशेब कागदावर बरोबरच होता. आम्ही एकच प्रश्न विचारला नाही: आपल्या डोक्यावरून उतरवलेलं ओझं कोणाच्या दारात ठेवलं, आणि उद्या त्याच दारात वाटी घेऊन जायची वेळ आली तर? हे तुझ्या पेपरात लिही. गुण मिळतील की नाही, ते मात्र सांगता येत नाही.

ते स्नो बूट अजून आमच्या गराजमध्ये आहेत. ही म्हणते, टाकून द्या आता. माझ्याच्यानं होत नाही.