पेटीतले इंजिन

थकलेले इंजिन बांधून घ्यावे, की पेटीत बंद होऊन आलेले नवे बसवावे, हा वाद ट्रकवाल्यांच्या घरात सोयरिकीच्या वादाइतकाच रंगतो. आमच्या घरी तर १९६० साली हे दोन्ही वाद एकाच वेळी उभे राहिले; कारण पैसे एकच होते, आणि ते ताईच्या लग्नासाठी ठेवलेले होते.

आमचा ट्रक फार्गो, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातला, पेट्रोलवर चालणारा. दसऱ्यापासून अकोल्याच्या जिनात कापूस आणायचा आणि मोसम सरला की परतवाड्याहून लाकूड. त्या पावसाळ्यात तो तेल पिऊ लागला. मागे निळा धूर, चढावर दम, आणि बॉनेटखाली ठकठक.

मिस्त्रींनी हेड उतरवून पाहिले. “मालक, ब्लॉकले तडा नाई, क्रँक शाबूत हाये. काऊन फेकता? बोअर करू, मोठे पिस्टन टाकू, अजून पाच वर्सं मरत नाई.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. सिलिंडर झिजून अंडाकृती होतो, तो पुन्हा गोल कापायचा, मापाचे पिस्टन व रिंगा घालायच्या, व्हॉल्व्ह घासून बसवायचे; लोखंड तेच, पण इंजिन जवळजवळ नवे. अडचण वेळेची होती. क्रँक घासायला नागपूरला धाडायचा, तो कधी परत येईल याचा नेम नाही, आणि दसरा तोंडावर आलेला.

अमरावतीचे मामा मात्र पेटीवर अडून बसले. “भाऊजी, पेट्रोलच्या भावात किती दिवस जाळता? डिझेल बसवा.” त्या काळी पर्किन्सच्या पी-सिक्सचा बोलबाला होता. इंग्लंडात पीटरबरोला फ्रँक पर्किन्स यांनी १९३२ साली कंपनी काढली, १९३७ साली हे सहा सिलिंडरांचे इंजिन आणले. पेट्रोलच्या ट्रकात बसवण्यासाठी त्याला फार मागणी असे. आपल्याकडे मद्रासच्या सिम्सन कंपनीत ते तयार होई. प्लग नाही, ठिणगी नाही. हवा सुमारे सोळापट दाबली की ती इतकी तापते की डिझेल आपोआप पेटते. पेट्रोलच्या इंजिनात हा दाब सातपटीच्या आसपास. म्हणून डिझेलला इंधन थोडे लागते, आणि म्हणूनच त्याचा सांगाडा जड असतो.

या ‘जड’ शब्दाचा अर्थ आम्हांला इंजिन बसल्यावर कळला. पुढच्या स्प्रिंगा बसल्या, जादा पाटे घालावे लागले. बॅटरी मोठी लागली, क्लच बदलला. शिवाय डिझेलचे फेरे कमी. मागचे क्राऊन-पिनियन जुनेच, त्यामुळे ट्रक ओझे ओढी खुशाल, पण सपाट रस्त्यावर धावेना! पेटीवर लिहिलेली किंमत म्हणजे नुसते लग्नाचे आमंत्रण. खरा खर्च मांडवात.

पैसे अर्थातच ताईचे गेले. तिला कोणी विचारले नाही, हे आज लिहितानाही मला टोचते. लग्न वर्षभर पुढे ढकलले. त्या वर्षात ती मॅट्रिक झाली, आणि ट्रकाची वही तिने आपल्याकडे घेतली: किती गॅलन, किती मैल, किती पाटे. डिझेलने पैसे वाचवले हे तिच्याच वहीत सिद्ध झाले. पण तेही दुसऱ्या मोसमाच्या अखेरीस.

आता ही निवड मिस्त्री-मालकांत संपत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आहे, आणि नव्या इंजिनाचा नंबर आरसीत चढवून घ्यावा लागतो. कारखान्यात पुन्हा बांधलेले इंजिन जुन्याच्या बदल्यात मिळण्याची सोयही झाली आहे. तरी कोणी विचारले तर मी मिस्त्रींच्या बाजूने बोलतो: ब्लॉक धड असेल आणि हातात महिना असेल, तर बांधून घ्या. बाबांच्या हातात तो महिना नव्हता.

मिस्त्री रुसले नाहीत. नवे इंजिन त्यांनीच बसवले आणि मजुरीत जुने मागून घेतले. सवडीने बोअर केले, क्रँक नागपूरहून आणवला, आणि बडनेऱ्याच्या एका फार्गोत ते चढवले. पुढच्या हिवाळ्यात मूर्तिजापूर सोडल्यावर मागून भोंगा वाजला, आणि तो फार्गो आम्हांला ओलांडून गेला. आवाज ओळखून बाबा एवढेच म्हणाले, “आपलंच आहे.”