हिस्टर, साधारण आणि मोघम

‘द मॅन हू सॉ टुमॉरो’ हा १९८१ सालचा इंग्रजी माहितीपट आज फारसा कोणाच्या स्मरणात नसेल. सोळाव्या शतकातील फ्रेंच भविष्यवेत्ता नॉस्त्रादामस याची कथा त्यात ऑर्सन वेल्स यांच्या धीरगंभीर आवाजात येते. पहूरला गणेशोत्सवात तो व्हिडिओवर दाखवला, तेव्हा मी शाळेत होते. इंग्रजी कोणाला कळत होते? पण ‘हिटलर’ हे नाव कानी पडताच मंडप स्तब्ध झाला. नॉस्त्रादामसच्या चतुष्पद्यांत ‘हिस्टर’ असा शब्द आहे. माहितीपट तो हिटलरशी जोडतो.

भाषाविज्ञान शिकताना कळले की, हिस्टर हे डॅन्यूब नदीच्या खालच्या प्रवाहाचे प्राचीन लॅटिन नाव. केवळ ध्वनिसाम्याने नदीचा माणूस झाला होता! सुट्टीत घरी येऊन मी हे अण्णांना उत्साहाने सांगितले. त्यांचे लक्ष मात्र भेंडवळच्या बातमीकडे होते.

बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेच्या, म्हणजे आमच्या आखाजीच्या, संध्याकाळी शेतात घटमांडणी होते. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केलेली ही परंपरा. वर्तुळात अठरा धान्ये मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, तिच्यावर पापड, कुरडई. रात्री तेथे कोणी थांबत नाही. पहाटे कोणते ढेकूळ किती भिजले, कोणते धान्य जागचे हलले, हे पाहून वाघ घराण्यातील मंडळी पाऊसपाणी सांगतात.

अण्णा ते वहीत उतरवून घेत : ‘जून साधारण’, ‘कपाशी मोघम’. या विशेषणांना ना शिवार असते, ना तारीख, ना माप. ऐकणारा आपले शेत त्यांत भरतो आणि मगच वाक्य पूर्ण होते. एका वर्षी अण्णांनी ‘साधारण’ म्हणजे ‘पुरेसा’ असे धरले आणि मृगाच्या पहिल्याच सरीवर कपाशी लावली. पुढे पावसाने ओढ दिली. दुबार पेरणीसाठी आईच्या पाटल्या मोडाव्या लागल्या; माझी फीही त्यांतूनच भरली गेली. भाकीत चुकले, असे अण्णा म्हणाले नाहीत. अर्थ लावण्यात आपण चुकलो, एवढेच म्हणाले. मी हसले होते. अर्थविचाराचा पेपर नुकताच दिलेली मी, त्या एका वाक्यात तो सगळा विषय आहे हे मला दिसले नाही. त्या हसण्याची लाज अजून वाटते.

ती वही आता माझ्याकडे आहे. पुढच्या वर्षाच्या पानावरही ‘जून साधारण’ असेच आहे. खाली पेन्सिलीने लिहिले आहे : पेरणी आर्द्रात, वीतभर ओल पाहून.