पाकिटावरचं अर्धंच वाचलं

बँकॉकमध्ये मुख्य रस्त्याला फुटणाऱ्या गल्लीला सोई म्हणतात, आणि सोई म्हटली की तिच्यात एक तरी ‘आहान ताम सांग’ असतंच. सांगाल ते करून देणारी खाणावळ. पर्यटकांसाठी सजवलेली रेस्टॉरंट वेगळी. इथे पत्र्याचं छप्पर, प्लॅस्टिकची स्टुलं, टेबलावर गुलाबी कागदी रुमालांचा डबा आणि पन्नास-साठ बाथला भरलेली ताटली. दर्शनी काचेच्या कपाटात चिरलेल्या भाज्या, टोफू, अंडी, कोंबडी, डुकराचा खिमा, कोळंबी. मागे मोठ्या जाळावर कढई आणि कढईच्या उजव्या हाताला वाट्यांची रांग. बोट दाखवायचं, काय हवं ते सांगायचं, पाच मिनिटांत ताटली समोर.

आमच्या सोईतली खाणावळ साठीच्या एक बाई चालवतात. गिऱ्हाईकं त्यांना ‘पा’ म्हणतात, आईच्या थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. मी घरी त्यांना मावशी म्हणते, इथेही तसंच लिहिते. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो आणि स्वयंपाकघर लागायच्या आधी मावशींच्या हातचं जेवायला लागलो. त्यांच्याकडे मी ज्या चुका केल्या त्या एकदा लिहून काढायच्या होत्या. त्यातली एक अशी आहे की तिचं ओझं अजून उतरलेलं नाही.

लहान चुका आधी. चॉपस्टिक मागितल्या. थाई माणूस भात उजव्या हातातल्या चमच्याने खातो, डावीकडचा काटा भात चमच्यात ढकलायला. चॉपस्टिक लागतात त्या वाडग्यातल्या नूडल्सना. ‘तोम खा’च्या सारातले गवती चहाचे आणि खा नावाच्या त्या आल्यासारख्या कंदाचे तुकडे मी चावून गिळत होते. ते स्वादापुरते असतात, मसालेभातातल्या दालचिनीसारखे बाजूला काढायचे. चौघं गेलो तर चार ताटल्या मागवून जो तो आपलं आपलं खायचा. शेजारच्या टेबलावर मात्र भाज्या-कालवणं मध्ये असायची, भात प्रत्येकाचा आणि एका वेळी एक-दोन चमचेच वाढून घेतलेलं. आणि मी जायची नेमकी बारा वाजता. त्या वेळी बांधकामावरची माणसं आणि कचेऱ्यांतल्या मुली घाईघाईत जेवायला येतात. त्यांच्या पुढे उभी राहून मी मावशींना मोडक्या थाईत हे नको, ते नको असं सांगत बसायची. मागे रांग ताटकळायची. कोणी कधी चकार शब्द काढला नाही, म्हणून मला वाटत राहिलं की चाललंय ते ठीक आहे.

आता मुख्य गोष्ट. मी जन्मापासून शाकाहारी, अंडं तेवढं खाते. इथे आल्या आल्या एक वाक्य पाठ केलं होतं: ‘माय साय नुआ सात’. मांस घालू नका. मावशी मान डोलवायच्या आणि टोफू घ्यायच्या. त्यांचं काम बघण्यासारखं असतं. तेल तापलं की ठेचलेला लसूण आणि मिरची पडते, ठसका उठतो, टोफू जातो, आणि मग पळी वाट्यांवरून फिरते. पळीचं टोक मधाच्या रंगाच्या पाण्यात बुडतं, मग काळ्या दाट रसात, मग साखरेत, आणि सगळं एकदम कढईत. चार-पाच सेकंदांचा खेळ. पळी एकच, डुकराचा खिमा परततानाही तीच.

ते मधाच्या रंगाचं पाणी म्हणजे ‘नाम प्ला’. मांदेलीएवढी छोटी मासळी मिठात घालून वर्षभर, कधी त्याहूनही जास्त मुरवायची आणि सुटलेलं पाणी गाळून घ्यायचं. थाई स्वयंपाकात मिठाचं काम बहुतेक तेच करतं. काळा दाट रस कालवांच्या अर्काचा. आणि आमटीसारख्या ज्या हिरव्या-लाल करी आपल्याकडेही लोक आवडीने खातात, त्यांच्या वाटणात मिरची, लसूण, लहान कांदे, गवती चहा, कोथिंबिरीची मुळं, धणे-जिरे यांच्या बरोबरीने ‘कपी’ असते: जवळ्यासारखी बारीक कोळंबी मीठ लावून, उन्हात वाळवून, कुटून आंबवलेली. वरून भाज्या आणि टोफू घाला, वाटण तेच राहतं.

हे मला कळायला बराच काळ लागला असं सांगितलं तर ते खोटं होईल. माझ्या एका मैत्रिणीचं आजोळ मालवणचं. तिच्याकडे सुकट भाजली की घरभर पसरणारा वास मला चांगला ओळखू येतो. मावशींच्या करीत तो वास होता. नारळाच्या दुधाखाली, मंद, पण होता. मला शंका आली होती. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि रोजचं सोयीचं जेवण सोडावं लागलं असतं. न विचारता खात राहिले. माझ्यापुरतं तेही एक वेळ चाललं असतं.

त्या डिसेंबरात सासरे आले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. मंगळवेढ्याचे, गळ्यात तुळशीची माळ, दर आषाढीला आळंदीहून पायी पंढरपूर. कार्तिकी करून ते विमानात बसले होते. येण्यापूर्वी फोनवर त्यांनी एकच विचारलं होतं, “माझ्या जेवणाचं काय?” मी म्हटलं, “काही काळजी करू नका, सगळं शाकाहारी मिळतं.”

पहिल्याच दिवशी त्यांना मावशींकडे नेलं आणि मोठ्या उत्साहाने टोफू घालून ‘पॅड कप्राव’ सांगितलं. कप्राव म्हणजे आपली तुळसच. थाई लोकांची ही फार आवडती ताटली. एरवी खिम्यात मिरची-लसणाबरोबर मूठभर तुळस परततात, वर अंडं तळून ठेवतात. मला वाटलं, अण्णांना तुळस बघून आनंद होईल. कढईतून वास आला तेव्हा त्यांचा हात माळेकडे गेला. ताटली आली, त्यांनी पानं बघितली आणि ती हलकेच माझ्याकडे सरकवली. “तुळस कढईत घालत नाहीत, पोरी.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला शरमल्यासारखं झालं आणि घाईघाईने मी त्यांच्यासाठी भाज्यांची हिरवी करी मागवली. तो मंद वास माहीत असताना मागवली.

ती त्यांना फार आवडली. मग रोज दुपारी आम्ही तिथे जायला लागलो. दुपार टळल्यावर गर्दी नसायची. मावशी त्यांना खुर्ची पुसून द्यायच्या, थंड पाणी ठेवायच्या, दोघं एकमेकांच्या भाषेचा एक शब्द न कळता नातवंडांचे फोटो बघायचे. एका दुपारी अण्णा म्हणाले, “ह्यात काय काय असतं ते विचार. घरी हिला करायला सांगतो.” इतके महिने जे मी विचारलं नव्हतं ते त्यांनी असं सहज विचारलं.

मावशींची भाची कॉलेजात शिकते, तिला इंग्रजी बरं येतं. ती वाटणाचं पाकीट घेऊन आली आणि त्यावरचं एकेक वाचू लागली. मी अण्णांना मराठीत सांगत गेले. हिरवी मिरची. गवती चहा. लसूण. कांदे. मीठ. खा. पुढे ती म्हणाली, कपी. मी थांबले. तिला वाटलं मला कळलं नाही, म्हणून तिने इंग्रजीत पुन्हा सांगितलं: कोळंबीचं वाटण. मी अण्णांकडे बघून म्हटलं, “मकरूट लिंबाची साल, धणे, जिरे.” यादी संपली. अण्णांनी मान डोलावली आणि उरलेला भात करीत कालवला. मी समोर बसून बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी काय करावं? अण्णांना सांगायचं सोडून एकटी मावशींकडे गेले आणि भर गर्दीत आवाज चढवला. मी शाकाहारी आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, मग इतके दिवस का सांगितलं नाही? चारचौघांत कोणावर आवाज चढवणं इथे फार अपमानाचं मानतात, आणि मला ते माहीत होतं. मावशींनी पळी खाली ठेवली. त्या म्हणाल्या, “तू मांस नको म्हणालीस. मी कधी घातलं?” खरंच कधी घातलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, “तू ‘जे’ पाळतेस का?” मी नाही म्हटलं, मला त्याचा नीट अर्थही ठाऊक नव्हता. माझे सासरे पाळतात, देवासाठी, माळ आहे त्यांच्या गळ्यात, असं मी हातवाऱ्यांनी आणि भाचीच्या मदतीने सांगितलं.

मावशी आत गेल्या आणि फडक्यात गुंडाळलेली एक कढई घेऊन आल्या. सोबत वेगळी पळी, वेगळा कालथा. थायलंडमध्ये चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात प्रतिपदेपासून नऊ दिवस ‘किन जे’ पाळतात. फुकेतमध्ये त्याचा मोठा उत्सव असतो, बँकॉकच्या चायना टाउनमध्ये रस्तेच्या रस्ते पिवळ्या पताकांनी भरतात. पिवळ्यावर लाल अक्षरात ‘जे’ लिहिलेलं असतं. त्या नऊ दिवसांत मांस, मासे, अंडं, दूध यातलं काही नाही, लसूण-कांदाही नाही. भांडी वेगळी. पुष्कळ वर्षी हे दिवस आपल्या शारदीय नवरात्राशी जुळून येतात. मावशी चिनी वंशाच्या. त्यांच्या आईपासून घरात हे चालत आलंय. नऊ दिवस त्या खाणावळीतही फक्त ‘जे’ जेवण करतात, ह्याच कढईत.

म्हणजे माझ्या घरी चातुर्मासात जे नियम अण्णा पाळतात, ते ही बाई तितक्याच काटेकोरपणे पाळत होती. माझी मात्र समजूत होती की असला सोवळेपणा ह्या लोकांना कळणार नाही, उगाच समजावत कशाला बसायचं. मी त्यांना नकारांची यादी दिली, कारण कधी दिलं नाही. कारण सांगितलं असतं तर ती कढई पहिल्याच दिवशी बाहेर आली असती. अण्णांच्या पोटात जे गेलं ते मावशींमुळे गेलं नाही. मी तिथल्या तिथे सगळ्यांसमोर त्यांची हात जोडून क्षमा मागितली. त्यांनी माझ्या दंडावर थोपटलं आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला काय हवं ते विचारलं.

अण्णांना सांगायचं तरीही राहिलंच. नवरा म्हणाला, “जातील चार दिवसांनी, कशाला त्यांचं मन मोडायचं?” मलाही तेच हवं होतं. पण निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांची बॅग भरताना धोतरांच्या घडीत हिरव्या वाटणाची पाकिटं दिसली. भाचीला सोबत नेऊन त्यांनी बाजारातून आणली होती, सासूबाईंसाठी. ती पाकिटं मंगळवेढ्याच्या त्या घरात जाणार होती, जिथे चुलीवरचं पहिलं वाढप विठ्ठलाला असतं. आता गप्प राहणं शक्य नव्हतं.

मी सांगितलं. पाकिटात काय आहे, आणि ते रोज त्यांच्या ताटात होतं. ते बराच वेळ माळेचे मणी चाचपत बसले. मग पाकिटं एकेक करून टेबलावर काढून ठेवली. “तुला कधी कळलं?” मी म्हटलं, “त्या मुलीने वाचलं तेव्हा.” एवढ्यावर थांबले असते तर पुन्हा अर्धंच झालं असतं, म्हणून पुढचंही सांगितलं, की शंका त्याच्या कितीतरी आधीपासून होती. ते म्हणाले, “नकळत पोटात गेलं, त्याचं मी आणि पांडुरंग बघून घेऊ. पण मी विचारलं होतं तुला. तू मला अर्धं वाचून दाखवलंस.”

सकाळी विमानतळावर त्यांनी नेहमीसारखा डोक्यावर हात ठेवला. गावी गेल्यावर पंढरपूरला जाऊन चंद्रभागेत स्नान केलं, फडावर सगळं सांगितलं, तिथे जे करायला सांगितलं ते केलं. हे सासूबाईंकडून कळलं. त्यांनी माझ्याशी बोलणं तोडलं नाही. पण बोलवूनही ते बँकॉकला परत आलेले नाहीत, आणि आम्ही गावी गेलो की बाहेरून आणलेला कुठलाही खाऊ ते आधी मुलाला वाचायला देतात, मला नाही. ते मला लागतं, आणि त्यांनी तसं करू नये असं म्हणायचा मला अधिकार नाही.

मी थाई अक्षरं शिकले. कपी कसं लिहितात, नाम प्ला कसं लिहितात, कालवांचा रस कसा लिहितात, हे आता पाकिटावर चटकन दिसतं. पिवळ्या चौकोनात लाल जे असलेलं वाटण बाजारात मिळतं, त्यात कपी नसते, लसूण-कांदाही नसतो. मावशींकडे त्याची पाकिटं आमच्यासाठी ठेवलेली असतात. मी अडीचच्या पुढे जाते. त्या फडक्यातली कढई काढतात, सोयाबीनचं आंबवण घालून ‘पाक बुंग’ परततात. ही आपली नाळीची भाजी, देठासकट, करकरीत.

आपल्याकडून कोणी येणार असलं की आता मी विमानाचं तिकीट काढायच्या आधीच फोन करते. कशात काय असतं ते सांगते, जे म्हणजे काय ते सांगते, आणि हेही सांगते की जेची खूण नसलेल्या ठिकाणी ‘मांस नको’ म्हटल्याने मासळीचं पाणी टळत नाही. एक काका हे ऐकून म्हणाले, “मग मी बाहेर काहीच खाणार नाही.” त्यांच्यासाठी रोज सकाळी पिठलं-भात करून डबा भरला. दुपारी मावशींच्या टेबलावर बसून त्यांनी तो डबा खाल्ला, आणि मावशींनी त्यांच्यासमोर थंड पाणी आणून ठेवलं.