६ डिसेंबरनंतरचे दोन दिवस : मुंबईत कोणत्या वस्त्या पाहायच्या?

परभणी जिल्ह्यातून ६ डिसेंबरला मुंबईला जाणाऱ्या आपल्या माणसाचा रस्ता ठरलेला असतो. देवगिरी, नंदीग्राम, तपोवन नाहीतर विशेष गाडी. फडक्यात भाकरी-ठेचा. दादरला उतरायचे, शिवाजी पार्कवर पथारी टाकायची, रांगेत उभे राहून चैत्यभूमीवर बाबासाहेबांना वंदन करायचे, स्टॉलवरून दोन पुस्तके आणि एक कॅलेंडर घ्यायचे आणि परतीची गाडी धरायची. या प्रवासाला नाके मुरडणारे वर्तमानपत्रवाले दर वर्षी भेटतात, त्यांच्यात आम्ही नाही. मजुरी बुडवून येणारा माणूस याहून जास्त दिवस थांबूही शकत नाही. पण ज्यांना थांबता येते, त्या शिकणाऱ्या मुलामुलींनीसुद्धा मुंबई म्हणजे दादरचा किनारा एवढेच पाहून परत यावे, हे आम्हाला पटत नाही.

यंदा आमच्या गटाने दोन दिवस जास्त राहायचे ठरवले आणि परभणी, पूर्णा, जिंतूरच्या मुलांमध्ये वाद सुरू झाला. निम्म्यांना गेटवे, मरीन ड्राइव्ह आणि जुहू हवे होते. काहींना राजगृह आणि फोर्टमधले सिद्धार्थ कॉलेज. आम्ही रमाबाई आंबेडकर नगरचे नाव काढले तेव्हा बैठकीतल्या एका मावशी म्हणाल्या, "त्या वस्तीत काय बघायचंय? नाल्या, पत्रे, पाण्याचे ड्रम. आपल्या इथं काय कमी हायेत?"

मावशींच्या प्रश्नाला उत्तर द्यावेच लागेल.

आधी मरीन ड्राइव्हचे सांगतो. तिथे जायचे नाही, असे म्हणणारा कार्यकर्ता आम्हाला मान्य नाही. समुद्र कुणाच्या बापाचा नाही. गावकुसाबाहेर ठेवलेल्या लोकांच्या नातवंडांनी त्या कठड्यावर बसून कणीस खाल्ले तर चळवळ बुडत नाही. मुलींनी तर मुद्दाम जावे. तेव्हा एक संध्याकाळ तिकडे दिली. आक्षेप आहे तो अशा यादीला, जी मोबाईलवर 'मुंबईत काय पाहावे' असे विचारले की आपोआप समोर येते. त्या यादीत परळ नाही, वरळीच्या चाळी नाहीत. धारावी आहे, पण पैसे भरून गरिबी पाहण्याची सहल म्हणून. कोणता मोहल्ला 'पाहण्यासारखा' आणि कोणता 'टाळण्यासारखा', हे ठरवणाराही जातीच्याच डोळ्याने शहर पाहत असतो. एम.ए.ला आम्ही शिकागोच्या समाजशास्त्रज्ञांची शहराची वर्तुळे पाठ केली होती. आपल्याकडे वर्तुळे कमी आणि कुंपणे जास्त.

म्हणून पहिला दिवस परळला. तिथल्या बीआयटी चाळीत, ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत, बाबासाहेबांनी आयुष्याची जवळजवळ २२ वर्षे काढली. १९३४ साली ते दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृहावर राहायला गेले. राजगृहाचा ग्रंथसंग्रह आपल्याला ठाऊक असतो, अभिमानाने सांगतो आपण. पण बहिष्कृत हितकारिणी सभा, महाड, गोलमेज परिषद, पुणे करार हे सारे चाळीतल्या काळातले. गिरणी कामगारांच्या शेजारात, सार्वजनिक नळ आणि सामायिक संडास असलेल्या इमारतीत राहून त्यांनी हे केले. त्या अरुंद गॅलरीत उभे राहिल्यावर वसतिगृहात जागा नाही म्हणून अभ्यास सोडू पाहणाऱ्या आमच्या पोरांना काय वाटेल ते वाटो, आम्ही भाषण देणार नाही.

परळहून वरळी. बीडीडीच्या १२१ चाळी, शंभर वर्षांपूर्वीच्या. जानेवारी १९७४ मध्ये पँथरच्या सभेनंतर इथे दंगल पेटली, चाळीचाळींतून दगड आले. पाठोपाठ १० जानेवारीला परळमधल्या मोर्चावर वरून टाकलेल्या पाट्याने भागवत जाधव मारले गेले. आता या चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना घरे मिळाली. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत जाणाऱ्यांचा आनंद आनंदच आहे. जुन्या चाळीचे गोडवे बाहेरच्यांनी गाऊ नयेत. फक्त ज्या जिन्यांवर पँथरच्या बैठका झाल्या ते जिने थोड्या वर्षांत नसतील, म्हणून वरळी पुढच्या वर्षावर ढकलायची नाही.

दुसरा दिवस पूर्ण घाटकोपरला, रमाबाई नगरात.

११ जुलै १९९७ च्या सकाळी तिथल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक महामार्गावर उतरले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात १० जण गेले. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने दोषी ठरवले ते २००९ साली. पुढे त्याला जामीनही मिळाला. आता आपल्या परभणीकडे पाहा. १० डिसेंबर २०२४ ला रेल्वे स्टेशनसमोरच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना, दुसऱ्या दिवशी बंद, मग वस्त्यांतली धरपकड आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत सोमनाथ सूर्यवंशींचा मृत्यू. मावशी, नाल्या दोन्हीकडे सारख्याच आहेत. पण रमाबाई नगरच्या लोकांपाशी १२ वर्षे एक खटला धरून ठेवल्याचा अनुभव आहे. साक्षीदार कसे टिकले, कोण फुटले आणि का, जखमींची कागदपत्रे कुणाच्या पेटीत राहिली, चौकशी आयोगासमोर बाया काय बोलल्या, नेते येणे बंद झाल्यावर तारखेला कोण जात राहिले. आपल्या वस्त्यांतल्या ज्या पोरांवर गुन्हे नोंद आहेत, त्यांना हे कोणत्याही संग्रहालयात शिकायला मिळणार नाही.

आणि जायचे कसे, हेही परभणीनेच शिकवले आहे. त्या डिसेंबरात आमच्याकडे खूप लोक आले. काही सोबत बसले, वकील देऊन गेले. काहींनी फुटलेल्या दारांचे, पाठीवरच्या वळांचे फोटो काढले, रडणाऱ्या बाईला "पुन्हा एकदा सांगा" म्हणाले आणि संध्याकाळच्या गाडीने निघून गेले. वस्ती म्हणजे देखावा झाला की काय होते, ते आपल्या अंगावरून गेले आहे. तेव्हा रमाबाई नगरात तिथल्या कार्यकर्त्यांना आधी विचारून, ते म्हणतील त्या वेळेला जायचे. ६ तारखेला ते स्वतः दादरला सेवेत असतात, त्यामुळे आपण ८ तारखेला. मोबाईल खिशात. विहारात वंदना, मग बसून ऐकायचे. त्यांनी विचारले तर परभणीचे सांगायचे. सोमनाथच्या खटल्याचे कात्रणांचे फाईल आम्ही सोबत नेणार आहोत, एक झेरॉक्स तिथे ठेवण्यासाठी.

वडाळ्याचे सिद्धार्थ विहार आणि कामाठीपुरा यंदा सुटतात. मुलींनी एक अट घातली आहे की रोजचा मुक्काम कुठे, संडासची सोय काय, हे निघण्याआधी नक्की हवे. अट रास्त आहे. ते नक्की झाल्यावर परतीची तिकिटे काढू, ८ तारखेच्या रात्रीची.