विमानविराम

स्वल्पविराम, अर्धविराम आणि पूर्णविराम आम्हाला शाळेत शिकवले. विमानविराम आम्ही घरीच शिकलो. घर पार्ल्याला, पूर्वेकडे, हायवेच्या अलीकडे. हायवेपलीकडे सांताक्रूझचा विमानतळ. धावपट्टी सोडून समुद्राच्या दिशेने निघालेलं विमान आमच्या गच्चीवरून चढत जायचं. ते आलं की फडताळातल्या बरण्या किणकिणायच्या, रेडिओवरच्या बातम्या गडप व्हायच्या आणि बोलणारं माणूस असेल त्या शब्दावर थांबायचं. विमान गेलं की पुढच्या शब्दापासून सुरू. ‘‘त्या मुलीचं लग्न...’’ एवढं म्हणून आत्या थांबली की आम्ही ताटातला हात ताटात ठेवून वर बघत बसायचो, आणि मग ‘‘...मोडलं’’ ऐकू यायचं. नवखे पाहुणे विमानावर आवाज चढवून बोलायला जायचे आणि घसा बसवून घरी परतायचे.

आम्ही म्हणजे चुलत आणि आते मिळून सात भावंडं. दादा पंचाहत्तरीला आलाय, सगळ्यांत धाकटा बंड्याही साठी ओलांडून बसलाय. गेल्या दिवाळीत फराळाला जमलो तेव्हा वाद निघाला की आपल्या घरातून पहिल्यांदा विमानात बसलं कोण? दादा म्हणाला धाकटे काका, ताई म्हणाली मोठे काका. आजोबांचं नाव कुणीच घेतलं नाही, कारण ते कधी बसले नाहीत. पण विमानाशी पहिला संबंध जोडला तो त्यांनीच. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन, अहमदाबादला थांबून, छोट्या पस मॉथ विमानाने जुहूला उतरले, ते आपण स्वतः पाहिलं असं आजोबा सांगायचे. आम्हाला ते खरं वाटायचं. पुढे कळलं की पार्ल्यातला त्यांच्या वयाचा प्रत्येक माणूस हेच सांगतो. तेवढी सगळी मंडळी खरोखर जुहूला गेली असती, तर त्या विमानाला टेकायला जागा उरली नसती.

वाद शेवटी ताईने जिंकला. मोठे काका कंपनीच्या कामाला दिल्लीला जायचे ते नागपूरवरून. १९४९ साली रात्रीची टपाल विमानं सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास, चारही बाजूंनी विमानं रात्री निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमाराला नागपूरच्या सोनेगावला उतरायची. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि जो तो पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. मुंबईत संध्याकाळी पेटीत टाकलेलं पत्र सकाळी दिल्लीत. याच विमानांत माणसंही घ्यायचे. ‘‘आम्हीही थैल्याच,’’ काका म्हणायचे, ‘‘नागपूरला काढायचे आणि दुसऱ्या विमानात टाकायचे.’’ ते डाकोटा विमान जमिनीवर शेपूट टेकून बसलेलं असायचं, त्यामुळे आत शिरल्यावर जागेपर्यंत चक्क चढ चढावा लागे. उडण्यापूर्वी ताटलीतून पेपरमिंट यायची आणि कानात घालायला कापूस. काका त्या गोळ्या खायचे नाहीत. आमच्यासाठी आणायचे. विमानाची आमची पहिली चव ती, किंचित चिकट झालेली.

धाकट्या काकांचं जाणं मात्र सगळ्या घराचं जाणं होतं. १९६८. अमेरिकेत शिकायला प्रवेश मिळाला आणि तिकिटासाठी आजीच्या पाटल्या मोडल्या. परकीय चलन इतकं दुर्मीळ, की बरोबर न्यायला कायद्याने मिळाले आठ डॉलर. ते आठ डॉलर काकांनी घरात फिरवून सगळ्यांना दाखवले आणि आजीने देवापुढे ठेवून मग परत दिले. सामानाला वीस किलोंची मर्यादा. कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याने आपला ताणकाटा घरी आणला, बॅग आकड्याला लटकवली, आणि गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि लोणच्याची बरणी यांच्यात कोण घरी राहणार यावर दोन तास खल झाला. बरणी राहिली. बॅगेला सुतळी बांधली आणि दादाने पांढऱ्या ऑइलपेंटने त्यावर काकांचं नाव रंगवलं. ‘न्यूयॉर्क’ लिहायला जागा कमी पडली म्हणून शेवटची अक्षरं उभी आली.

निरोपाला तीन टॅक्स्या. इतकी माणसं, की हार कोणी घालायचा याची क्रमवारी घरूनच ठरवून निघाली. सांताक्रूझला तिकीट काढून प्रेक्षकांच्या गॅलरीत जाता यायचं. तिथून खाली मोकळं मैदान दिसे, प्रवासी चालत विमानापर्यंत जात आणि शिडीच्या वरच्या पायरीवर मागे वळून हात हलवत. प्रत्येक जण वळायचा. काका वळले तेव्हा आम्ही सगळ्यांनी एकदम इतकी आरडाओरड केली, की शेजारच्या गुजराती कुटुंबाचा माणूसही आमच्याकडे बघून हात हलवायला लागला.

आजी आली नव्हती. ‘‘घरात कुणीतरी हवं,’’ म्हणाली. मध्यरात्रीनंतर बोइंग ७०७ उडालं तेव्हा ती तीन सेलची बॅटरी घेऊन गच्चीवर उभी होती आणि आकाशात गोल गोल उजेड फिरवत होती. तीन आठवड्यांनी निळं एरोग्राम आलं, त्यात एक ओळ तिच्यासाठी वेगळी होती: ‘आई, तुझी बॅटरी स्पष्ट दिसली.’ ते पत्र आजीने ज्ञानेश्वरीत ठेवलं.

काका चार वर्षांनी आले. चार वर्षांत आवाज ऐकला तो दोनदा, ट्रंक कॉलवर, आणि दोन्ही वेळा सगळा वेळ ‘‘ऐकू येतंय का?’’ विचारण्यात गेला. येताना त्यांनी एअर इंडियाची खांद्याला लावायची रेक्झिनची बॅग आणली. ती आधी मोठ्या काकांच्या ऑफिसला, मग दादाच्या कॉलेजला, मग आत्याबरोबर भाजीला जायला लागली. चेन तुटल्यावर तिच्यात कांदे राहू लागले. विमानातले चार चमचेही आले होते. ते दिले की घेतले, यावर घरात दोन मतं होती.

मध्यंतरी १९७१ साली पहिलं जम्बो आलं, ‘एम्परर अशोक’. खिडक्यांभोवती राजवाड्याच्या झरोक्यांसारखी नक्षी काढलेली. आम्ही दप्तरं टाकून गच्चीवर धावलो होतो. ते पुढे रोजचंच झालं, मान वर करणंही सुटलं. १ जानेवारी १९७८ च्या रात्री हेच विमान दुबईला निघालं आणि उड्डाणानंतर काही क्षणांत वांद्र्याच्या समुद्रात पडलं. २१३ माणसं गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे एकमेकांना विचारत होतो, काल रात्री त्याचा आवाज ऐकला का? कुणालाच सांगता येईना. ऐकलाच असणार. आपण बोलता बोलता थांबलो असणार आणि पुढच्या शब्दाला लागलो असणार. तेव्हापासून रात्री विमान वरून गेलं की आजीचे ओठ हलायचे. तिने तो विराम रामरक्षेला देऊन टाकला.

मग आखाताचे दिवस आले. आमच्या आळीतला प्लंबर कुवेतला गेला. तो तेलाच्या पैशावर दापोलीकडे घर बांधत होता, आणि ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं. अम्मानहून एअर इंडियाने दोन महिने फेऱ्या मारून एक लाखाहून जास्त भारतीयांना आणलं. त्या दिवसांत डोक्यावरून कितीही विमानं गेली, तरी आवाजाबद्दल कुणी तक्रार केली नाही. प्लंबरची बायको आमच्या ओट्यावर बसून मोजायची. तो आला तेव्हा हातात एक प्लास्टिकची पिशवी होती. ती घेऊन दुसऱ्या दिवशी तो आमचा गळका नळ बघायला आला.

खरं सांगायचं तर, एवढ्या वर्षांत आम्हा सातांतले पाच जण विमानात बसलेच नव्हते. विमानाखाली राहणं वेगळं आणि विमानात बसणं वेगळं. १९५३ पासून देशातली विमानं म्हणजे इंडियन एअरलाइन्स, तिकीट महाग आणि तेही प्रतीक्षायादीत. नव्वदीत खासगी कंपन्या आल्या, १९९४ साली जुना कायदाही गेला, पण दर ऑफिसने पैसे भरावेत असेच राहिले. दार उघडलं ते कॅप्टन गोपीनाथांच्या एअर डेक्कनने, २००३ मध्ये. त्यांनी जाहिरातीला आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन घेतला. १९४६ साली बॉबी कूका आणि उमेश राव यांनी एअर इंडियासाठी मिशीवाला महाराजा घडवला होता, तो वाकून पाहुण्यांचं स्वागत करायचा. महाराजापासून चौकड्यांच्या कोटातल्या त्या माणसापर्यंत यायला सत्तावन्न वर्षं लागली. आमच्या घरचं सांगायचं तर एक अख्खी पिढी लागली. पेपरमिंट आणणारे मोठे काका तोवर गेले होते. आजीही गेली होती, गच्चीपेक्षा उंच कधी न जाता.

आमची आई मात्र सत्तराव्या वर्षी बंगळूरला निघाली, अशाच एका स्वस्त विमानाने. जागांना नंबर नव्हते. दार उघडल्याबरोबर बाबांनी एसटीच्या सवयीने पुढे घुसून खिडकीच्या सीटवर रुमाल टाकला. पाणी विकत आहे हे ऐकून आईने पिशवीतून आपली बाटली काढली, मग पोळीभाजीचा डबा, मग शेजारच्या सद्‌गृहस्थांना एक पोळी. तेव्हा हे सगळं चालायचं. वैमानिकाच्या केबिनमध्ये पोरांना डोकावू देण्याचे दिवस मात्र २००१ नंतर संपले, आणि २००६ नंतर बाटल्यांवरही नजर आली. विमान सुटल्यावर आई खिडकीला नाक लावून बसली होती. ‘‘आपलं घर कुठलं?’’ तिने विचारलं. बाबा बोट दाखवेपर्यंत खाली समुद्र होता. चाळीस वर्षं ज्या आवाजाने तिचं बोलणं तोडलं, तो आवाज आतून कसा असतो ते तिला पहिल्यांदा कळत होतं. ‘‘आत्ता खाली सगळे गप्प बसले असतील,’’ ती म्हणाली.

नंतर सगळं भराभर सोपं झालं. लाल कार्बनची तिकिटं २००८ मध्ये गेली. निघण्याच्या बहात्तर तास आधी फोन करून ‘मी येतोय बरं का’ असं कंपनीला कळवण्याची पद्धत गेली. मंडळी सहलीबरोबर सिंगापूरला जाऊन यायला लागली, आमच्या स्वयंपाकाच्या मावशी बालाजीला विमानाने गेल्या आणि खिडकीतून काढलेला व्हिडिओ अजून दाखवतात. त्यांचा तो व्हिडिओ बघताना कुणी ‘आमच्या वेळी’ असं काही बोलायला लागलं, तर ताई त्याला गप्प बसवते. आजीच्या पाटल्या विसरू नका म्हणते.

घराचं काय झालं हेही विमानाशीच बांधलेलं. शेजारीपाजारी म्हणतात, पार्ल्याचं नशीब फनेल झोनमध्ये अडकलंय. विमानाच्या वाटेवर उंच इमारत बांधता येत नाही, त्यामुळे बिल्डर येतो, चहा पितो आणि परवानगीचा आकडा ऐकून जातो. वाटणीवरून भांडण्याइतकी मोठी इमारत होणार नाही, म्हणून आम्ही सातही जण बोलते आहोत. गच्ची होती तशीच आहे. २०२० च्या टाळेबंदीत तिथे दोन महिने आकाश रिकामं होतं. बुलबुलांचा आवाज स्वच्छ ऐकू येई, पण घरात कुणाला धड बोलता येईना. वाक्यं न थांबता पुढे जात आणि कुठेतरी विरून जात.

यंदा दादाची नात म्युनिकला शिकायला निघाली. ताणकाट्याच्या जागी हातात मावणारा डिजिटल काटा, लोणचं मात्र पुन्हा मागे राहिलं. विमानतळावर तिकीट नसलेल्याला दारातच थांबवतात. गाडी लावायला मिळतात दोन-चार मिनिटं, मागची गाडी हॉर्न देते, शिट्टी वाजते. हार नाही, क्रमवारी नाही. दादाने तिच्या डोक्यावर हात ठेवेपर्यंत ती ढकलगाडीमागे काचेच्या आत गेली होती. तिने वळून पाहिलं असेल. काचेत आम्हीच दिसत होतो.

घरी येऊन आम्ही सगळे गच्चीवर गेलो. धाकटे काका आता नाहीत. जाण्याच्या वर्षभर आधी अमेरिकेहून आले होते, तेव्हा याच गच्चीवर बसून त्यांनी बंड्याला सांगितलं होतं, की त्या रात्री त्यांना बॅटरीबिटरी काहीएक दिसली नव्हती. जागा आतल्या बाजूची होती, आणि विमान उडताना त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते.

बंड्याच्या फोनवर नकाशात एक पिवळं विमान सरकत होतं. उंची, वेग, सगळं लिहून येत होतं. ‘‘निघालं,’’ तो म्हणाला. आवाज आधी हायवेच्या बाजूने आला, मग डोक्यावर. कुणी बोललं नाही. ताईने मोबाइलची बॅटरी लावली आणि हात वर केला, मग दादाने, मग आम्ही सगळ्यांनीच. सात म्हातारी माणसं सात दिवे गोल गोल फिरवत उभी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रुपवर निरोप आला: ‘पोचले. बॅटरी दिसली हं!’

बोर्डिंग पास तिने आदल्या रात्रीच ग्रुपवर टाकला होता. सीट मधली, पंखाच्या बरोबर वर. दादाने तो निरोप वाचून दाखवला आणि आम्ही कुणी काही बोललो नाही. तेवढ्यात वरून विमान गेलं.